शिंपल्यांच्या मॅडम

नारायणगावाहून जुन्नरला येणाऱ्या एसटीत, सुती साडी, पायात गमबूट आणि मांडीवर निळी बर्फाची पेटी अशा थाटात बसलेली एक बाई तुम्ही कधी पाहिली असेल, तर त्या आमच्या मॅडम. पेटी त्या कधी खाली ठेवत नसत. खड्डा आला की दोन्ही हातांनी ती वर उचलून धरत आणि खड्डा गेला की हळूच पुन्हा मांडीवर टेकवत. एका नव्या कंडक्टरने एकदा विचारलं, "मावशी, कुल्फी हाय का पेटीत?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "नदी आहे."

कंडक्टरने पेटीकडे पाहिलं, मग गमबुटांकडे पाहिलं. "मंग नदीचंबी हाफ तिकीट काढा."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खरोखरच पर्स उघडली. कंडक्टरच ओशाळला आणि "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या" करत पुढच्या सीटकडे सरकला. मी शेजारी बसले होते आणि हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मॅडमनी मला कोपराने ढोसलं. "हसू नकोस. तो बरोबर बोलला. नदीला कधीतरी कुणी प्रवासी म्हणून मोजायला पाहिजे."

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांना आवडणार नाही. आणि आमच्या भागात नावाने त्यांना फार कुणी ओळखतही नाही. 'शिंपल्यांच्या मॅडम' म्हटलं की राजुरीपासून लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत कुणीही त्यांच्या घरचा रस्ता दाखवतो. घर म्हणजे बाजारपेठेतल्या कापडाच्या दुकानाचा वरचा मजला. खाली थोरले भाऊ साड्यांच्या घड्या घालत बसलेले आणि वर मॅडम आणि त्यांची आई. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घराणं. घरातल्या मुलींनी शिकावं इथपर्यंत सगळ्यांना मान्य होतं. पण शिकून चिखलात उतरावं हे कुणालाच मान्य नव्हतं. मॅडमनी लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर म्हणत, "वेळ मिळाला नाही." त्यांच्या तोंडून ऐकताना ते खरंही वाटायचं.

मी त्यांच्या वर्गात आले ती आंबेगावच्या पश्चिमेकडून, डोंगरातल्या भातखाचरांच्या गावातून. प्राणिशास्त्र घेतलं ते केवळ बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या म्हणून. कॉलेजात मी बोलत नसे. तोंड उघडलं की 'व्हतं' आणि 'न्हाई' बाहेर पडे आणि मागच्या बाकावरून कुणीतरी त्याची नक्कल करी.

पहिल्याच तासाला मॅडम वर्गात आल्या, फळ्यावर काहीही न लिहिता टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नदीतला शिंपला कुणी कुणी खाल्लाय?"

वर्ग हसला. सगळ्यांना माहीत होतं, मॅडम कांदासुद्धा खात नाहीत. मी खाली बघत बसले. आमच्या घरी उन्हाळ्यात ओढ्याचं पाणी उतरलं की आई आणि मावशी पाटी घेऊन जात, आणि संध्याकाळी चुलीवर शिंपल्यांचं कालवण शिजे. पण हे यांच्यासमोर सांगायचं कसं?

"खाल्ला असेल तर लाजायचं कारण नाही," मॅडम म्हणाल्या. "कुठे सापडला, केव्हा सापडला, केवढा होता, ते सांगा. चव नंतर सांगा."

माझा हात कधी वर गेला ते मला कळलं नाही. मी उभी राहिले आणि बोलले. 'आमी', 'व्हतं', 'लई' सगळं त्यात होतं. मागून कुणीतरी खुसखुसलं, तेव्हा मॅडम तिकडे वळूनही बघेनात. त्या फक्त मला विचारत राहिल्या. पाणी वाहतं होतं की साचलेलं? तळाला वाळू होती की गाळ? तास संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "आज या वर्गाला घोड नदीच्या वरच्या अंगाची पहिली माहिती मिळाली. ती यांनी दिली." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'यांनी' म्हटलं होतं.

त्यानंतर मी त्यांची पाठ सोडली नाही. बीएस्सी झालं, एमएस्सी झालं, मी त्याच विभागात तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले, तरी माझं खरं काम मॅडमच्या मागे बाटल्यांची पिशवी घेऊन चालणं हेच होतं.

शिंपल्यांचं वेड त्यांना कुठून लागलं, ते एकदा त्यांनीच सांगितलं. त्या शिकत होत्या तेव्हा प्रात्यक्षिकाला शिंपला कापावा लागे. सगळ्या मुलींनी कापला, यांनीही कापला. आत कल्ल्यांच्या घडीत बारीक रव्यासारखं काहीतरी भरलेलं दिसलं. शिकवणारे सर म्हणाले, वा, मादी आहे, ही पिल्लं आहेत. "मी घरी गेले आणि जेवले नाही," मॅडम म्हणाल्या. "आईला वाटलं ताप आलाय. एक शिंपला मी कापलाय. तो पुरे."

पण शिंपल्यांना पिल्लं केव्हा होतात हे बाहेरून कळायचा मार्गच नव्हता. कापा, नाहीतर गप्प बसा. मॅडम कित्येक वर्षं गप्प बसल्या. पुस्तकातून शिकवत राहिल्या. मग एक दिवस त्यांना लांबच्या थंड समुद्रातल्या शिंपल्यांविषयी वाचायला मिळालं. पंख्याच्या आकाराचा, पाण्यात टाळ्या वाजवल्यासारखा पोहणारा तो शिंपला. तिकडचे लोक त्याला हातही न लावता, नुसतं समुद्राचं पाणी तपासून सांगत होते की तो कुठे आहे, आणि तो बीज केव्हा सोडतो. दुसऱ्या दिवशी मॅडम स्टाफरूममध्ये आल्या त्या जवळजवळ पळतच. "पाण्यातून कळतं!" त्या म्हणाल्या. "त्यांना समुद्रातून कळतं, मग आपल्याला कुकडीतून का कळू नये?"

ही गोष्ट लोकांना समजावून सांगायला आधी फार जड गेलं असतं. पण करोना येऊन गेला होता. नाकात काडी घालून केलेली तपासणी साऱ्या तालुक्याला पाठ होती. मॅडम त्याचाच आधार घेत. प्रत्येक जीव पाण्यात स्वतःचं काहीतरी सांडत असतो. कातडीचे कण, चिकटा, बीज. त्यात त्याचा डीएनए असतो. पाणी बारीक कागदातून गाळायचं, कागद जपून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे ते सांगतात, या पाण्याजवळ कोण राहतं. "करोनाची तपासणी माणसाची केली, ही नदीची करायची," असं त्या म्हणत. त्यावर पिंपळवंडीच्या एका आजोबांनी फार काळजीने विचारलं होतं, "म्हंजी आता नदीलाबी झालाय व्हय?"

मॅडमच्या घरी गेलं की स्वयंपाकघरातल्या नळाला पांढरं फडकं बांधलेलं दिसे. त्यांच्या आईला सगळे बाई म्हणत. बाई पाणी गाळूनच घेत. पूर्वी वाड्यामागे विहीर होती तेव्हा गाळल्यावर फडक्यात जे उरेल ते झटकून टाकत नसत, पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडत. फडक्यावरचा जीव त्याच्या घरी गेला पाहिजे. लेकीचं नवं काम बाईंनी नीट समजून घेतलं आणि मग एक प्रश्न विचारला.

"तुझ्या त्या कागदावर बारीक-सारीक जीव अडकतात, ते परत सोडतेस का?"

"नाही, बाई. कागद अल्कोहोलमध्ये जातो."

बाईंनी नळाचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं. तेव्हापासून नमुने घेण्याच्या दिवशी मॅडमनी उपवास धरायला सुरुवात केली. भर उन्हात नदीकाठी दिवस काढायचा आणि तोंडात फक्त उकळून गार केलेलं पाणी. मी डबा उघडला की त्या लांब जाऊन बसत, मला संकोच वाटू नये म्हणून. एकदा मी म्हटलं, मॅडम, विज्ञानात उपवास कुठे बसतो? त्या म्हणाल्या, "विज्ञानात नाही बसत. माझ्यात बसतो."

नदीवर मात्र त्या वेगळ्याच असत. आमच्या भागात नदीकडे जाणारी वाट म्हणजे उसातली वाट, आणि ऊस म्हटला की बिबट्या आलाच. लोक मोबाइलवर गाणी लावून जातात, काठी आपटत जातात. मॅडम शिंपल्यांचं वर्गीकरण म्हणत. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, मधून आमची रांग, आणि पुढे मॅडमचा खणखणीत आवाज, "संघ मोलस्का! वर्ग बायव्हाल्व्हिया!" आम्हाला मागून तेच मोठ्याने म्हणावं लागे. बिबट्या कधी दिसला नाही. परीक्षेत त्या प्रश्नाला आमच्या विभागातला एकही मुलगा कधी चुकला नाही.

काठावर पोचलं की शिस्त सुरू. नमुने घ्यायचे ते खालून वर जात. वरच्या अंगाला आधी गेलं तर आपल्या पायांनी ढवळलेलं पाणी खाली येतं. हातमोज्यांचा जोड प्रत्येक जागी नवा. आणि सगळ्यांत आधी कोरं पाणी. ज्यात कसलाच जीव नाही असं शुद्ध पाणी घरून न्यायचं आणि नदीच्या पाण्यासारखंच तेही त्याच पंपातून, त्याच पद्धतीने गाळायचं. त्यात काही सापडलं तर समजायचं, घाण आपल्याच हाताची आहे. "आधी कोरं," हे त्या इतक्यांदा म्हणत की मुलं त्यांना पाठीमागे 'आधी कोरं' म्हणायची. दुसरं त्यांचं ठरलेलं वाक्य, "नाही म्हणू नका. दिसलं नाही म्हणा."

या दोन वाक्यांची खरी किंमत मला कळली ती बंधाऱ्याच्या प्रकरणात.

पिंपळवंडीच्या पुढे, कुकडीच्या काठावर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं मला अजून चहाला बोलावतात. गावाला नदीवर बंधारा आहे. त्यात इतका गाळ साचला होता की पाणी उन्हाळ्याआधीच संपे. गावाने खूप खटपट करून गाळ काढायचं काम मंजूर करून आणलं. पोकलेन ठरलं, टोमॅटोवाले शेतकरी गाळ नेऊन शेतात टाकायला ट्रॅक्टर घेऊन तयार. कामाच्या कागदावर कुणीतरी सवयीने लिहिलं होतं की पाण्यात जपण्याजोगं काही आढळलं नाही.

मॅडमच्या हातात तो कागद पडला. "आढळलं नाही म्हणजे काय? शोधलं कुणी?"

त्या बंधाऱ्याच्या कडेला, उंबराखाली एक खोल डोह आहे. तिथे शिंपल्यांची मोठी वस्ती असणार, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ते तिथेच पिल्लांना जन्म देत असणार, असा त्यांचा कयास होता. पण कयासावर कुणी पोकलेन थांबवत नाही. आणि मॅडमना गाळ काढणं थांबवायचंही नव्हतं. त्यांना फक्त माहीत करून घ्यायचं होतं की नेमकं कुठे खणायचं नाही, आणि केव्हा.

सरपंच बाई होत्या. चाळिशीच्या, आवाज मोठा, स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, ग्रामसभेच्या आत काय ते सांगा. तवर आमी थांबतो. पर लई नाय थांबणार, पोकलेनवाला दारात बसलाय."

आम्ही तीन जागी पाणी घेतलं. बंधाऱ्याच्या खाली, डोहात, आणि वर पसरट भागात. कागद पुण्याला गेले. निकाल ग्रामसभेच्या आदल्या दुपारी फोनवर आला. मी आधी उघडला आणि ओरडलेच. तिन्ही जागी शिंपले! खाली, डोहात, वर, सगळीकडे. एवढ्यावर सगळं काम थांबलं असतं. विभागातले एक सर म्हणाले, "पेढे मागवा."

मॅडमनी फोन हातात घेतला आणि तीन ओळींकडे न बघता बोटाने सरकवत थेट शेवटच्या ओळीवर गेल्या. कोरं पाणी. त्यातही शिंपल्याच्या खुणा होत्या.

त्या चालत प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गेल्या. तिथे एक प्लॅस्टिकचा टब होता. मीना नदीचं पाणी आटलं तेव्हा कुणीतरी चिखलातून गोळा केलेले शिंपले त्यांना आणून दिले होते, आणि मॅडमनी ते जगवले होते. रोज पाणी बदलत, त्यांना पाहुणे म्हणत, कुणाला टबाजवळ मोठ्याने बोलू देत नसत. टबातलं पाणी ज्या बेसिनमध्ये ओतत, त्याच बेसिनमध्ये आमचा पंप आणि नळ्या धुतल्या जात.

"मीच," मॅडम म्हणाल्या. "रोज मीच ओततेय."

पेढ्यांची गोष्ट काढणारे सर म्हणाले, "मॅडम, डोहात शिंपले असणारच आहेत. तुम्हालाही माहीत आहे. कोऱ्याची ओळ कुणाला कळतेय तिथे?"

"मला कळतेय," मॅडम म्हणाल्या आणि पिशवी उचलून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पत्र्याखाली ग्रामसभा भरली. अख्खं गाव आलं होतं. निम्मे लोक गाळासाठी आले होते आणि निम्मे मॅडमना बघायला. मॅडम उठल्या.

सरपंच बाई म्हणाल्या, "बोला मॅडम. हायेत का न्हाईत?"

"मला सांगता येत नाही. माझी तपासणी चुकली."

मागून हशा उठला. एक उंच, उन्हाने रापलेला टोमॅटोवाला शेतकरी उभा राहिला. त्याचा ट्रॅक्टर दारातच लावलेला होता. "म्हंजी आमी हितं काम सोडून तुमची वाट बघत बसलोय, आन् तुमचीच तपासणी चुकली?"

"हो."

"कशी काय चुकली?"

मॅडमनी टबाची गोष्ट सांगितली. काहीही न लपवता, बेसिनपर्यंत. कोरं पाणी म्हणजे काय तेही सांगितलं. हशा हळूहळू बसला. तो शेतकरी मात्र उभाच होता. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

"एक विचारू का राव? राग मानू नका. तुमच्या कागदावर तर समदीकडं शिंपलं आल्यालं. तुमी गप ऱ्हायला असता तर आमाला काय कळणार व्हतं? काम बंद पडलं असतं, तुमचंच खरं झालं असतं."

"तुम्हाला नसतं कळलं," मॅडम म्हणाल्या. "पण मग ते खरं नसतं झालं. नुसतं माझं झालं असतं."

तो मान हलवत खाली बसला. सरपंच बाईंनी पदर खोचला. "परत करायला किती येळ लागंल?"

"होळीपर्यंत द्या. दर आठवड्याला पाणी घेईन."

"दिलं. पर होळीच्या म्होरं एक दिस नाय."

मग आम्ही कामाला लागलो. टबातले पाहुणे मॅडमनी स्वतः मीना नदीत, पाणी टिकलेल्या जागी नेऊन सोडले. एकेक हातात घेऊन चिखलात बसवला. पंप नवा घेतला, नळ्या नव्या. प्रयोगशाळा क्लोरीनने अशी धुतली की शेजारच्या वर्गातली मुलं खोकायला लागली. आणि पुढच्या खेपेला नदीवर गेलो तेव्हा मॅडमनी एक नवीनच गोष्ट केली. काठावर बघायला आलेल्या सरपंच बाईंच्या हातात मोजे दिले.

"कोरं तुम्ही गाळायचं."

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

"येईल. माझ्या हातावर आता माझाच भरवसा नाही. तुमच्यावर आहे."

सरपंच बाईंनी मोजे चढवले आणि पंप मारायला बसल्या. दात-ओठ खाऊन, जणू मोटर चालू करताहेत. तिकडे वरच्या अंगाला तो टोमॅटोवाला शेतकरी उभा राहून गुराख्यांना अडवत होता. "म्हशी घालू नका रं पाण्यात! मॅडमचं व्हवू द्या आधी!" त्याला तिथे कुणी उभं केलं नव्हतं. आपणहून आला होता. मॅडम उपाशी होत्या, ऊन चढलं होतं, पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर मला थकवा दिसला नाही.

दर आठवड्याला गेलो. निकाल यायला लागले. कोरं पाणी कोरंच राहिलं. पहिल्या दिवशी सरपंच बाईंनी मला तीनदा फोन करून विचारलं, "माझं कोरं निघालं ना?" वरच्या पसरट भागात काहीच लागलं नाही. डोहात लागलं, आणि डोहाच्या खाली लागलं, थोडं कमी. शिंपल्याच्या खुणा पाण्याबरोबर खाली वाहत जातात. वरून खाली येताना जिथे त्या पहिल्यांदा लागतात तिथे वस्ती. म्हणजे वस्ती डोहात होती.

आणि होळीच्या अलीकडच्या आठवड्यात डोहातला आकडा एकदम उसळला. आधीच्या कितीतरी पट. पुण्याहून फोन आला, तुम्ही खात्रीने तिथूनच घेतलंय ना? मॅडमनी सगळ्यांत आधी कोऱ्याची ओळ बघितली. ती स्वच्छ होती. मग त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला, चष्मा काढला आणि डोळे पुसले.

मी विचारलं, "मॅडम, हेच ना?"

"हेच. वस्ती तेवढीच आहे आणि खुणा एकदम वाढल्या. त्यांनी बीज सोडलं." चष्मा पुन्हा चढवत त्या म्हणाल्या, "आणि एकही कापावा लागला नाही."

पुढच्या ग्रामसभेत त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. नर पाण्यात बीज सोडतात, माद्या ते ओढून घेतात, पिल्लं आईच्या कल्ल्यांत वाढतात. मग ती इतकी बारीक पिल्लं पाण्यात येतात आणि माशांच्या कल्ल्यांना चिकटून काही दिवस फिरतात. मोठी झाली की गळून तळाशी बसतात. लहान-मोठी सगळी माणसं ऐकत होती. शिंपला पाणी गाळतो, दिवसभर गाळतच असतो, हे ऐकल्यावर एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी ती आपल्या परीस कामाची."

टोमॅटोवाला शेतकरी उठला. "माश्याच्या कल्ल्याला चिकाटत्यात म्हणता? मंग डोहातलं मासंबी ठिवावं लागतील."

"ठेवावे लागतील."

"घ्या! आता मासंबी गेलं!" सगळे हसले, तोही हसला. मग त्याने सरपंच बाईंकडे बघितलं. "वरच्या अंगाचा गाळ आदी काढू. तिकडं तर कायबी नाय म्हणत्यात. डोह ऱ्हाऊ द्या."

"आन् डोहाच्या कडंचा?" सरपंच बाईंनी विचारलं.

"अक्षय्य तृतीयेनंतर," मॅडम म्हणाल्या. "तोवर पिल्लं तळाला बसतील. आणि तोही फक्त कडेचा. तळाला हात लावायचा नाही."

हात वर झाले. काम ठरलं तसंच झालं. पोकलेन वरच्या भागात चाललं, ट्रॅक्टर गाळ घेऊन गेले, बंधाऱ्यात पावसाळ्यानंतर भरपूर पाणी थांबलं. उंबराखालचा डोह तसाच राहिला.

मागच्या वर्षी एका समुद्रकाठच्या शहरात मी हे सारं अभ्यासकांसमोर मांडलं. समोर मोठमोठ्या संस्थांतले लोक बसले होते. काही समुद्री शिंपल्यांवर, कालवांवर काम करणारे. माझं बोलणं झाल्यावर एकाने विचारलं, तुमची कोरी तपासणी इतकी काटेकोर आहे, हे शिक्षण कुठे घेतलंत? त्याला परदेशातलं एखादं नाव अपेक्षित असावं. मी म्हटलं, "जुन्नरला." आणि मग ताठ उभं राहून मॅडमची पहिली, चुकलेली तपासणीही सांगितली, टबासकट. त्यांनीच बजावलं होतं की ती वगळायची नाही. ती सांगताना मला जेवढा अभिमान वाटला तेवढा उसळलेला आकडा दाखवतानाही वाटला नव्हता.

मॅडम आता निवृत्त झाल्या आहेत. निरोप समारंभात त्यांनी शाल घेतली. ती दुसऱ्या दिवशी आईच्या, म्हणजे बाईंच्या, अंगावर होती. कॉलेजात त्यांच्या जागी आता मी आहे.

यंदा होळीच्या आधी मी त्यांच्याकडे गेले होते. बाई झोपल्या होत्या, आम्ही दोघी गॅलरीत बसून हळू आवाजात बोलत होतो. मॅडमचा फोन वाजला. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून त्या नेहमी स्पीकरवर घेतात. पलीकडे मोटरचा आवाज होता आणि त्यावर चढवलेला सरपंच बाईंचा आवाज.

"मॅडम, बंधाऱ्याची फळी काढून पाणी सोडायचं म्हणत्यात पोरं. खालच्या लोकास्नी पाणी पायजे. पर मी म्हनलं, आदी इचारते. आपल्या शिंपल्यांचं उरकलं का?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. पलीकडून सरपंच बाई ओरडत होत्या, "हॅलो? ऐकू येतंय का? नसंल उरकलं तर ऱ्हाऊ द्या, आमी थांबतो!"